सोलापूरहून पुण्याच्या पोटात : कसबा, मंडई, स्वारगेट

सोलापूरचा माणूस पुण्याला जातो तो कुणाच्या परीक्षेला, कुणाच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्याला. जुनं पुणं पाहायचं राहूनच जातं. शिवाजी रोड आणि बाजीराव रोडवरच्या गर्दीत रिक्षात अडकून पडलं की अर्धा दिवस तिथेच संपतो. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि हे गणित बदललं. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, मध्ये दोनच स्थानकं, कसबा पेठ आणि मंडई. पेशव्यांचं पुणं जवळजवळ सगळं या दोन स्थानकांच्या डोक्यावर आहे. गाडीत बसणं काही मिनिटांचं. कोणत्या वेळी कोणत्या स्थानकातून वर यायचं, हे जमलं की तीन दिवसांत रिक्षाला हात न करता सगळं पायी होतं.

दिवस पहिला : सोलापूर ते कसबा

पुण्यासाठी सकाळच्या दोन गाड्या सोयीच्या. वंदे भारत सहाच्या सुमारास सुटते आणि नऊच्या आसपास पुण्यात पोचवते. तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, तेवढा वार पाहून घ्या. हुतात्मा एक्सप्रेस साडेसहाच्या सुमारास सुटते, कुर्डुवाडी-दौंड करत साडेदहाच्या आसपास पोचते. मुक्कामाला जाणाऱ्यांनी हुतात्माच धरावी. लॉजची खोली दुपारी बाराच्या आधी बहुधा मिळत नाही, मग जास्त पैसे मोजून दीड तास आधी पोचायचं आणि बॅगा सांभाळत बसायचं, यात काही हशील नाही. आरक्षण मात्र आधी करा. शुक्रवार-शनिवारी या गाडीत उभं राहायलाही जागा नसते.

बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. दोन्ही कोरड्या, तीन दिवस टिकणाऱ्या, आणि पेठांत दुपारी जेवणाची रांग लांबली तर उपयोगी पडणाऱ्या.

पुणे स्टेशनचं मेट्रो स्थानक भुयारी नाही, उंचावर आहे. तिथून वनाजकडे जाणारी गाडी धरायची. मंगळवार पेठ सोडलं की पुढचं जिल्हा न्यायालय, तिथे उतरायचं. या स्थानकाचं आधीचं नाव सिव्हिल कोर्ट. रिक्षावाले, पोलीस, जुने नकाशे अजून तेच नाव वापरतात. तसंच कसबा पेठ स्थानक आधीच्या आराखड्यांत बुधवार पेठ म्हणून आहे. फोनमधला नकाशा जुना असेल तर गोंधळ इथूनच सुरू होतो.

तिकीट थेट जिथे शेवटी बाहेर पडायचं त्या स्थानकाचं काढा. भाडं दहा रुपयांपासून पस्तीसपर्यंत आहे. जिल्हा न्यायालयाला मार्गिका बदलताना बाहेरच्या फाटकाकडे वळायचं नाही, आतल्या आतच खाली जायचं. घाईत लोक गर्दीमागे जाऊन क्यूआर कोड दाखवून फाटकाबाहेर पडतात. तिथे तिकीट संपतं आणि नवीन काढावं लागतं. कागदी तिकीट घेतलं असेल तर चुरगाळू नका, उतरताना तोच कोड परत दाखवावा लागतो. घडी नेमकी कोडवर पडली की यंत्र वाचत नाही.

आता खाली उतरायचं. वरची मार्गिका रस्त्याच्या वर, खालची जमिनीखाली ३३.१ मीटरवर. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत याची गणना होते. इतकं खोल जाण्याचं कारण पुढेच आहे. पुढचं स्थानक मुठेपलीकडे, आणि बोगदा नदीच्या पात्राखालून जातो. पात्राखाली पुरेसा खडक शिल्लक ठेवायचा तर अलीकडचं स्थानकही तितकंच खाली न्यावं लागतं. पेठांत खांबांवरची मेट्रो शक्यच नव्हती. गल्ल्या अरुंद, वाडे एकमेकांना टेकलेले. म्हणून बोगदे यंत्राने कोरले. त्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना ही पुण्याच्या नद्यांचीच नावं दिली होती.

या स्थानकात दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. सगळ्यात खालच्या पातळीवरून मान वर करून पाहा. छताची रचना अशी केली आहे की दिवसाचा उजेड खोलवर उतरतो. म्हणून हे दुपारी पाहावं, रात्री त्यात काही नाही. बॅगा जड असतील तर लिफ्ट वापरा, पण एकाच लिफ्टने वरच्या फलाटावरून थेट तळाला जाता येईल असं धरून चालू नका. मध्ये उतरून दुसरी शोधावी लागते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मार्गिका बदलायला दहा-बारा मिनिटं धरा. तरणी मंडळी सरकत्या जिन्यांनी पाचात पोचतात.

खोली मंडई किंवा लक्ष्मी रोडच्या आसपास घ्यावी. स्वारगेटला लॉज भरपूर, पण रात्रभर एसटीचे भोंगे. सामान टाकून, जेवून तीनच्या सुमारास कसबा पेठ स्थानकातून वर यायचं. स्थानक फडके हौदाच्या परिसरात आहे. वर येण्याआधी बाहेर पडण्याच्या दारांची पाटी नीट वाचा. जमिनीखाली फोनला दिशा कळत नाही, आणि वर आल्यावरही नकाशावरचा ठिपका मिनिटभर भलत्याच गल्लीत उड्या मारतो. ठिपका स्थिर झाल्याशिवाय चालायला लागू नका. कसब्याच्या बोळांत एक वळण चुकलं की तुम्ही कुणाच्या तरी वाड्याच्या चौकात उभे असता.

पहिली भेट तांबट आळीला द्यावी, कारण संध्याकाळी ठोके थांबतात. इथले त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून आलेले. तांब्या-पितळेची घागर, बंब, घंगाळ, तपेली हातोड्याने घडवणं हे त्यांचं काम. भांड्याच्या अंगावर चमकणाऱ्या छोट्या खळग्यांच्या ओळी दिसतात, त्या कामाला मठार म्हणतात. ते केवळ नक्षीसाठी नसतं. तापवून मऊ केलेला पत्रा ठोक्यांनी दाबला जातो, कडक होतो आणि भांडं सहज चेपत नाही. आमच्याकडे मागावर धोटा कसा चालतो हे पाहत वाढलेल्या माणसाला हे काम पटकन कळतं. ठोका मोजून नाही, हाताच्या लयीने पडतो.

विकत घ्यायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. भांड्याची भिंत अंगठ्याने दाबा. आत जाऊन परत उसळली तर पातळ पत्रा आहे. मग खळगे उजेडात तिरके धरून पाहा. यंत्रावर छापलेल्या मठारात प्रत्येक खळगा हुबेहूब सारखा असतो, हाताच्या मठारात ओळ सरळ असूनही खळग्याखळग्यात बारीक फरक असतो. भाव किलोवर असतो. मजुरी त्यात धरली आहे की वेगळी, हे आधी विचारा. स्वयंपाकाला वापरायचं तर आतून कल्हई हवीच. आंबट पदार्थ, ताक, चिंचेचं वरण उघड्या तांब्यात ठेवलं की ते कळकतं. कल्हईचं भांडं लोखंडी तारेने घासू नका, महिन्याभरात निघून जाईल.

तिथून कसबा गणपती जवळच. हे पुण्याचं ग्रामदैवत, आणि विसर्जन मिरवणुकीतला पहिला मानही याचाच. लाल महालाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. आज उभी आहे ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली. शिवाजी महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ वाडा कधीच नाहीसा झाला. दहा मिनिटं पुरतात.

शनिवारवाड्यात साडेचारच्या आत शिरा. आत सावली जवळजवळ नाही, म्हणून दुपारी नको, आणि दारं संध्याकाळी बंद होतात म्हणून फार उशीरही नको. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. वरचे मजले लाकूड-विटांचे, ते गेले. दगडी जोती आणि तट राहिले. त्यामुळे आत शिरून सरळ चालत सुटलं तर नुसते ओटे दिसतात आणि लोक ‘काहीच नाही’ म्हणत परततात. आधी दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात चढा, तिथून जोत्यांचा नकाशा डोळ्यांत भरून घ्या, मगच खाली फिरा. दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत. हत्तीने धडक मारू नये म्हणून ते. हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे.

सोलापूरकरांनी इथे एक धागा जोडून घ्यावा. नोव्हेंबर १८१७ मध्ये या वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तरी बाजीरावाचं उरलेलं सैन्य लढत राहिलं. त्यातली एक शेवटची मोठी लढाई मे १८१८ मध्ये आपल्या भुईकोटापाशी झाली आणि जनरल मन्रोने किल्ला घेतला. सिद्धेश्वर तळ्याकाठचा तो तट आणि हा तट एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

पाण्याचीही एक गोष्ट इथलीच. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने पाणी शहरात आणलं. त्यात माणूस उतरू शकेल इतकी जागा होती. ठरावीक अंतरावर वर उघडणारे उच्छ्वास ठेवले होते, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. पेठांतले हौद त्या पाण्यावर भरायचे. मेट्रोच्या आधी अडीचशे वर्षांहून अधिक काळ पुण्याच्या जमिनीखाली वाहतूक होती, ती पाण्याची.

दिवस दुसरा : मंडई

सात वाजता मंडईत हजर व्हा. मेट्रो सहाला सुरू होते. मंडई स्थानकातून वर आलात की जुन्या इमारतीचा मनोरा दिसतो. १८८६ मध्ये ही उघडली तेव्हा नाव होतं रे मार्केट, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. मधला भाग अष्टकोनी, त्यावर मनोरा आणि त्यातून फुटलेल्या लांबट शाखा. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या बाजारावर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चावा असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांनी विरोध केला. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने नाव पडलं ते महात्मा फुले मंडई. पुण्यात अशा गमती खूप.

इमारतीत विक्रेते उंच गाळ्यांवर मांडी घालून बसतात, गिऱ्हाईक खाली उभं. घाऊक बाजार केव्हाच गुलटेकडीला गेला, इथे किरकोळ. भाव मार्केट यार्डापेक्षा चढेच असतात, पण पालेभाजी, पूजेचं साहित्य, हंगामातली अंजिरं-सीताफळं निवडक मिळतात. बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभारलेला. मेट्रोसाठी २०१९ मध्ये इथे खोदाई चालू असताना मोठाली हाडं सापडली, ती हत्तीची असावीत असा अंदाज तेव्हा बांधला गेला. पेशव्यांच्या राजधानीत त्याचं नवल वाटायला नको.

समोरच्या अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन झोपाळ्यावर बसलेला. तो पाहून पाच-सात मिनिटांत दगडूशेठ. मंगळवार आणि चतुर्थी टाळा, नाहीतर रांग शिवाजी रोडवर येते. दर्शन रस्त्यावरूनही स्पष्ट होतं. समोर भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा इथे काढली. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. जुनी छायाचित्रं पाहून तो शोधत फिरू नका.

नाश्त्याला तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ. आपल्या तिखटाची सवय असलेल्यांना ती सौम्य वाटेल, कट मागून घ्यावा. तुळशीबागेतलं राममंदिर दुकानांच्या आड दडलंय. पेशव्यांचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी ते बांधायला घेतलं. बाजार साडेदहा-अकराला भरतो, त्याआधी मंदिराचा चौक शांतपणे पाहता येतो. मग खरेदी : भातुकली, देवाची भांडी, खोटे दागिने. सोलापुरात मधल्या मारुतीपाशी घासाघीस करायची सवय असेल तर इथेही चालेल, पण पाटीवर ‘एकच भाव’ लिहिलं असेल तर खरंच एकच असतो.

आता एक व्यवहाराची सूचना. मंडई-तुळशीबागेत विळी, सुरी, मोठा अडकित्ता घेऊ नका, निदान मेट्रोने परत जाणार असाल तर. प्रत्येक स्थानकात सामान यंत्रातून जातं आणि धारदार वस्तू अडवतात. विळी परत दुकानात देण्यासाठी पुन्हा तुळशीबागेत शिरणं हा अर्ध्या तासाचा खेळ. अशी खरेदी शेवटच्या दिवशी करून एसटीने न्यावी. तांब्याच्या भांड्यांना अडचण नाही, पण एकात एक घालून बांधलेला ढीग उघडून दाखवावा लागतो, म्हणून सुतळीच्या गाठी सुटतील अशा मारा.

भर उन्हाची वेळ केळकर संग्रहालयाला द्या. बाजीराव रोडवर, मंडईपासून दहा मिनिटं पायी. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे. त्यांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो राज्य सरकारला दिला. सुमारे वीस हजार वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या असतात. तरी दोन तास लागतातच. दिवे, अडकित्ते, दौती आणि पाय घासायच्या पितळी वज्र्या या दालनांत वेळ घाला. रोज हातात असणारी वस्तू किती प्रकारांनी घडवता येते हे तिथे दिसतं. आधी तांबटाचा हात पाहिला नसेल तर हे दालन अर्धंच कळतं, म्हणूनच तांबट आळी पहिल्या दिवशी ठेवली. मस्तानी महाल पाहायला सगळे धावतात. कोथरूडहून खांब-तक्तपोशी आणून ती खोली पुन्हा उभारली आहे. ठीक आहे, पण गर्दी असेल तर सोडा.

परतताना विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधून पुरा केला. रस्त्याकडची लाकडी दर्शनी बाजू आणि सुरूच्या आकाराचे खांब हेच पाहण्यासारखं, आणि ते समोरच्या पदपथावरूनच चांगलं दिसतं. १८२१ मध्ये एल्फिन्स्टनच्या काळात इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, डेक्कन कॉलेजचं मूळ तेच.

गणपतीच्या दहा दिवसांत हा सगळा क्रम बाद. मंडई स्थानकात तेव्हा जिन्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत कसब्याला उतरून पायी खाली यावं आणि परत फिरताना पुढे स्वारगेटपर्यंत चालत जावं. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, तळात फोन लागेलच असं नाही.

दिवस तिसरा : स्वारगेट, पर्वती, त्रिशुंड

सामान लॉजवरच ठेवून सकाळी सहाच्या पहिल्या गाड्यांपैकी एक धरा, मंडईनंतरचं स्थानक स्वारगेट. हे या मार्गिकेचं टोक. २०१९ मध्ये इथेही खोदताना जुना पाण्याचा बोगदा लागला होता. एसटी स्थानक अगदी शेजारी.

पर्वतीचा पायथा इथून वीस-पंचवीस मिनिटांवर. पायऱ्या १०३, रुंद आणि उतरत्या, गुडघे दुखणाऱ्यांनी बाजूच्या कठड्याने थांबत चढावं. देवदेवेश्वर मंदिर नानासाहेबांनी बांधलं. पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, त्यांचं निधन इथेच झालं. माथ्यावरून दोन दिवस पायाखाली घातलेलं शहर एका नजरेत दिसतं. सकाळी आठनंतर धुरकट होतं, म्हणून हा आटापिटा. उतरून सारसबाग. गणपतीचं देऊळ पूर्वी तळ्यातल्या बेटावर होतं, म्हणून तळ्यातला गणपती. आज तळं उरलं आहे ते देवळाभोवती. अर्धा तास पुरे.

नऊ-साडेनऊला स्वारगेटहून गाडी, कसब्याला उतरून पूर्वेला सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. चालत पंधरा-वीस मिनिटं, पत्ता विचारत जा, कारण रस्त्यावरून देऊळ दिसत नाही. १७५४ मध्ये काम सुरू झालं, मूर्ती १७७० मध्ये बसली. सगळं काळ्या दगडात, गणपती मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीने बांधणारा गोरा शिपाई कोरलाय. तो शोधायला वेळ लागतो, दाराच्या बाजूंना नजर ठेवा. शिलालेख संस्कृत आणि फारसी. गाभाऱ्याखाली तळघर आहे, एरवी बंद असतं. तीन दिवसांत एकच देऊळ पाहायचं झालं तर आमचं मत याला. दुपारी दार बंद होऊ शकतं, बाराच्या आत या.

परतीचे दोन रस्ते. हुतात्मा पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते आणि रात्री दहानंतर सोलापूरला पोचते. या गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत येरवडा हे स्थानक लागतं. दुपार मोकळी असेल तर तिथून जाऊन येण्यात तासभर जातो. तुरुंगाच्या आत जाता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

विळी घेतली असेल, किंवा हुतात्माचं आरक्षण मिळालं नसेल, तर स्वारगेटहून एसटी. अडीचशे किलोमीटर, साधारण पाच ते सहा तास. दुपारी तीनच्या आत सुटणारी धरा. त्यानंतर हडपसर ओलांडायलाच तास जातो, आणि सोलापूरला उतरेपर्यंत शहरातल्या बस थांबलेल्या असतात. घरचं कुणी घ्यायला येणार असेल तर त्याला टेंभुर्णी सुटल्यावर फोन करा, पुण्याहून नको.